दोड्डेरीचा छापा व फारसी वृत्तांत

कुरुंदवाडास कृष्णा व पंचगंगा यांच्या संगमाजवळ सेनापति संताजी घोरपडे याची म्हणून एक समाधि दाखविली जाते. तेथून नैर्ऋत्येस कागल तालुक्यांत सेनापति कापशी हें गांव आहे. संताजीच्या वंशाची जहागीर तेथें होती व १९४९ सालीं कोल्हापूर संस्थान विलीन होईपर्यंत ती करवीर दरबाराच्या मांडलिकांत मोडत असे. याप्रमाणें या पुरुषाचें नांव करवीर प्रांताच्या भूमीस दोन ठिकाणीं चिकटलेलें असतां, त्याच्या हातून घडलेली सर्वांत मोठी लष्करी करणी मात्र येथें फारशी कोणाच्या तोंडीं ऐकूं येत नाहीं. संताजी म्हटला कीं बादशहाच्या डेऱ्याचे कापून आणलेले सोन्याचे कळस, एवढीच गोष्ट सांगितली जाते. ती गोष्ट मराठी बखरींतून आलेली आहे. तिचा आधार कितपत बळकट हा वाद येथें उकरून काढण्याचें प्रयोजन नाहीं. परंतु ज्या प्रसंगास शत्रूच्याच लेखणीची साक्ष आहे तो विस्मरणांत जावा, आणि ज्यास ती नाहीं तो मुलांच्या पुस्तकांत शिरावा, हें आम्हां इतिहासाच्या नादिष्टांस खटकल्यावांचून राहत नाहीं.

हा प्रसंग म्हणजे शके १६१७, युवनाम संवत्सर, राज्याभिषेक शक २२, इ. स. १६९५ च्या नोव्हेंबराच्या सुमारास दोड्डेरी येथें घडलेला छापा व वेढा होय. त्यांत बादशहाचा एक नामांकित सुभेदार प्राणास मुकला, बादशहाच्या खास मर्जींतील सरदार नेसत्या वस्त्रानिशीं सुटले, आणि सैन्याचा सुमारें तिसरा हिस्सा कापला गेला. याचा वृत्तांत मासिर-इ-आलमगिरी लिहिणारा साकी मुस्तैदखान, खाफीखान व भीमसेन सक्सेना या मोगलपक्षीय लेखकांपासून आपणांस मिळतो. सर जदुनाथ सरकार यांनीं आपल्या औरंगजेबाच्या इतिहासाच्या पांचव्या खंडांत (१९२४) फारसी साधनें जुळवून त्याची सुसंगत हकीकत दिली, आणि पुढें सेतुमाधवराव पगडी यांच्या भाषांतरांमुळें हीं साधनें मराठी वाचकांसही सुलभ झालीं. कोल्हापूरच्या डॉ. जयसिंगराव पवार यांनीं तर संताजीवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला आहे. तेव्हां हकीकत नवी नाहीं. ती ज्या तोंडून आली आहे त्या तोंडाची पारख करावी, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे.

प्रथम स्थळ. चित्रदुर्गाच्या पूर्वेस सुमारें २२ मैलांवर, आजच्या चल्लकेरे तालुक्यांत दोड्डेरी हें गांव आहे. कानडींत दोड्ड म्हणजे मोठा व एरि म्हणजे तळ्याचा बांध. त्यावरून नांवांतच तळें असावें असें आम्हांस वाटतें. हा मुलूख कर्नाटकांतील अत्यंत अवर्षणाचा. उघडे माळ, खुरटीं कांटेरी झुडपें, मेंढरांचे कळप, आणि मधून मधून उघड्या खडकांच्या टेकड्या. पन्हाळ्याच्या अगर भुदरगडाच्या दाट रानांत गनिमी कावा कसा चालतो याची कल्पना आपल्याकडील वाचकांस सहज येते. तेथें झाड आणि दरड हीच शिबंदी असते. दोड्डेरीच्या माळावर लपण्यास झाड नाहीं. तेथें सैन्यास बांधून ठेवणारी वस्तु एकच, ती म्हणजे पाणी. ज्याच्या हातीं तळें व तळ्याच्या वाटा, त्याच्या हातीं सैन्य. ही गोष्ट ध्यानांत ठेवली असतां पुढील सर्व प्रकार उलगडतो.

राजाराममहाराज १६८९ पासून जिंजीस होते. जुल्फिकारखानानें त्या किल्ल्यास दिलेला वेढा कित्येक वर्षें रेंगाळत चालला होता. औरंगजेबानें १६९५ च्या मे महिन्यांत भीमेच्या कांठीं ब्रह्मपुरी येथें मुक्काम केला व त्या गांवास इस्लामपुरी असें नांव देऊन तेथें तो पुढें चार वर्षें राहिला. महाराष्ट्र व जिंजी यांच्या दरम्यानचा जो पट्टा, म्हणजे सिरें, चित्रदुर्ग, अदोनी यांचा प्रदेश, त्यांतून मराठ्यांच्या फौजा वर्षांतून कित्येकदां येत जात. या पट्ट्याचा बंदोबस्त कासीमखानाकडे होता. सिऱ्यास राहणारा हा सुभेदार कांहीं हलक्या प्रतीचा मनुष्य नव्हता. १६८७ सालीं बंगळूर त्यानेंच घेतलें व तें मोबदला घेऊन म्हैसूरच्या चिक्कदेवराजाच्या हवालीं केलें. कर्नाटकांतील वाटा, पाळेगार, त्यांचे हेवेदावे हें सर्व त्याच्या अंगवळणीं पडलेलें होतें.

त्या वर्षीं पावसाळा सरल्यावर संताजी मोगलाईंतील लूट घेऊन दक्षिणेकडे परतत आहे अशी बातमी बादशहास लागली. कासीमखानास वाट अडविण्याचा हुकूम गेला व त्याच्या मदतीस खानजादखान, सफशिकनखान, सय्यद असालतखान, मुहम्मद मुरादखान इत्यादि सरदार छावणींतून रवाना झाले. खानजादखान हा बख्शी रुहुल्लाखान याचा मुलगा. बादशहाच्या नजरेखालीं वाढलेले हे तरुण अमीर होते. मराठे ज्या वाटेनें येणार त्या वाटेपासून सुमारें सहा कोसांवर दोन्ही फौजांची गांठ पडली.

येथून फारसी वृत्तांत कासीमखानास दोष देऊं लागतात. पाहुण्यांचा थाटानें सत्कार करावा म्हणून त्यानें अदोनीच्या किल्ल्यांतून आपला खास सरंजाम आणविला होता. नवे डेरे, सोन्यारुप्याचीं व चिनी मातीचीं भांडीं, गालिचे हें सर्व त्यानें सुमारें तीन कोस पुढें पाठवून तेथें मुक्काम उभारण्यास सांगितलें. दुसऱ्या दिवशीं पहांट होण्यापूर्वीं सुमारें घटका दोन घटका मराठ्यांची एक तुकडी त्या डेऱ्यांवर पडली. पहारेकऱ्यांस व नोकरांस कापून काढून तिनें सर्व सरंजाम लुटला व डेऱ्यांस आग लावली. बातमी येतांच कासीमखान खानजादखानास न उठवितां धांवत सुटला. तो कोसभर जातो न जातो तोंच दुसरी तुकडी त्याच्याशीं भिडली. गलबल्यानें खानजादखान जागा झाला, आणि आपला तळ, बाजारबुणगे व जड सामान मागें ठेवून तोही मदतीस निघाला.

समोर घोडेस्वार होते, तसे काळे प्यादेही पुष्कळ होते. काळे प्यादे म्हणजे कर्नाटकी बंदूकदार. चित्रदुर्गाचे नायक स्वतः बेडर, आणि आपल्याकडे ज्यांस आपण बेरड म्हणतों त्यांचेच ते भाऊबंद. नेमबाजींत या लोकांची बरोबरी करणारे पायदळ त्या काळीं दक्षिणेंत क्वचितच असेल. दोन्ही खान पुढें याप्रमाणें गुंतले असतां संताजीची तिसरी तुकडी, जी तोंपर्यंत स्वस्थ बसविलेली होती, ती मागील उघड्या पडलेल्या तळावर कोसळली. तंबू, खजिना, दाणावैरण, आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे दारूगोळा, एका तासांत गेला.

यापुढें लढाई अशी राहिली नाहीं. दोड्डेरीची लहानशी गढी व तिच्या समोरील तळें गांठावें असें दोन्ही खानांनीं ठरविलें व लढत लढत कोसभर वाट तोडून ते तळ्यावर पोंचले. खावयास जवळपास कांहींच नव्हतें. मराठे कांहीं अंतरावर चोहोंकडे वेढा घालून राहिले. तीन दिवस त्यांनीं स्वारांकरवीं घिरट्या घातल्या, हल्ला केला नाहीं. नंतर चित्रदुर्गकर भरमप्पा नायकाचे आणखी बंदूकदार आले व त्यांनीं तळ्याकांठच्या गर्दीवर गोळ्यांचा मारा सुरू केला. उत्तर देण्यास मोगलांजवळ दारू उरली नव्हती. अखेर अमीर व त्यांचे निवडक लोक गढींत शिरले. गढींतील थोडा दाणा हां हां म्हणतां संपला. जनावरें छपरांचें गवत खाऊं लागलीं, आणि भुकेनें वेडावलेलीं घोडीं व उंट एकमेकांच्या शेपट्या चावीत असा उल्लेख आहे. तो अतिशयोक्तीचा धरला तरी अतिशयोक्ति करावयास लावणारी स्थिति होती हें तर खरें.

या वेढ्यांत कासीमखान मेला. तो अफूचा जबर व्यसनी होता, गढींत अफू मिळाली नाहीं, म्हणून तो तिसऱ्या दिवशीं गेला, असें एक मत. अपमानानें व बादशहाच्या रोषाच्या भीतीनें त्यानें विष घेतलें असें दुसरें. त्यानंतर खानजादखानानें बोलणें लावलें. बाकी राहिलेले हत्ती, घोडे, रोकड, जिन्नस सर्व मराठ्यांस द्यावें, वर २० लाख रुपये खंडणी द्यावी, आणि प्रत्येक सरदारानें अंगावरील वस्त्रें व एक घोडा एवढें घेऊन निघून जावें, असें ठरलें. पैशाच्या हमीसाठीं खानजादखानाचा दिवाण ओलीस राहिला. दार उघडल्यावर बाहेर आलेल्या भुकेल्या शिपायांस मराठ्यांनीं भाकरी व पाणी दिलें, अशी नोंद शत्रूच्याच बाजूनें आहे. बादशहाकडून निघालेला हमीदुद्दीनखान अदोनीच्या बाजूस त्यांस भेटला, तेव्हां अमिरांस वस्त्रें व डेरे इतरांकडून घ्यावे लागले. सरकारचें व सरदारांचें मिळून नुकसान ५० ते ६० लाखांचें झालें असा अंदाज केला जातो.

आतां पारखीकडे वळूं. या हकीकतींत पराभवाचीं तीन कारणें वाचकाच्या मनावर ठसतात: कासीमखानाची मेजवानी, कासीमखानाची घाई व कासीमखानाची अफू. तिन्ही एका मृत मनुष्याच्या माथीं. गढींतून जिवंत बाहेर आले ते कोण? खानजादखान व त्याचे सोबती. बादशहापुढें जाऊन काय घडलें हें सांगण्याचें काम त्यांचें, आणि ज्यास उलट जबाब देतां येत नाहीं असा साक्षीदार त्यांच्या फार सोयीचा. या तरुणांनीं जाणूनबुजून खोटें रचलें असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु पराभूत सैन्य परत येतें तेव्हां दोष कोठें तरी ठेवावा लागतो, आणि तो थडग्यावर ठेवणें सर्वांत स्वस्त पडतें. खानजादखानाची पुढें बिदरकडे नेमणूक झाली, आणि कालांतरानें त्यास बापाची रुहुल्लाखान ही पदवीही मिळाली. दोष त्याच्या अंगास फारसा चिकटला नाहीं हें यावरून उघड होतें.

मेजवानीचाच मुद्दा घ्या. पुढच्या मुक्कामाचे डेरे एक मजल आधीं रवाना करणें ही मोगल उमरावांची नेहमींची चाल. त्यास पेशखाना म्हणत. बादशहापासून सामान्य मनसबदारापर्यंत ज्याची ऐपत असेल तो डेऱ्यांचे दोन संच बाळगी, एक राहण्यास व एक पुढें पाठविण्यास. कासीमखानानें भांडीं जरा अधिक मोलाचीं पाठविलीं असतील. पण चीनी मातीऐवजीं तांब्याचीं पाठविलीं असतीं तरी पेशखाना तीन कोस पुढें गेलाच असता. म्हणजे येथें चूक एका मनुष्याची नसून एका लष्करी संवयीची आहे. आणि आमच्या मतें संताजीचा बेत त्या संवयीवरच रचलेला होता. पेशखाना पुढें जाणार, तो लुटला गेला कीं मालक धांवणार, मालक धांवला कीं पाहुणा मागोमाग निघणार, व दोघे गेले कीं तळ उघडा पडणार! या सांखळींतील पहिली कडी ओढली कीं पुढच्या आपोआप येतात. कासीमखानानें खानजादखानास उठविलें असतें तर दोघे एकत्र निघाले असते, इतकाच फरक. तळ उघडाच राहता. तिसरी तुकडी पहिल्या दोहोंबरोबर न सोडतां मागें ठेवली होती, या एका गोष्टीवरून हा बेत आधींपासून योजलेला होता हें सिद्ध होतें. केवळ लुटीवर डोळा असणारा मनुष्य सोन्यारुप्याचीं भांडीं हातीं आल्यावर आपल्या फौजेचा तिसरा भाग रिकामा बसवीत नाहीं.

बातमीचा मुद्दाही असाच. दोन फौजांची गांठ पडते, आणि पाठोपाठच्या पहांटे मराठ्यांस पेशखान्याची जागा, दोन्ही खानांचा तळ व मधलें अंतर हीं सर्व ठाऊक असतात. परक्या माळावर हें ज्ञान स्थानिक माणसांवांचून येत नाहीं. भरमप्पा नायकाची मदत फारसी लेखक उल्लेखितात ती बंदूकदारांपुरती. बंदूकदारांपूर्वीं त्याचे जासूद येऊन गेले असले पाहिजेत असें आम्हांस वाटतें. कासीमखानाच्या अंमलास कंटाळलेला पाळेगार आणि वाट चुकूं नये अशी इच्छा असलेला सेनापति, या दोघांची भेट हीच दोड्डेरीची खरी सुरुवात होय.

येथें सहज आपल्याकडील एक जागा आठवते. गडहिंग्लज तालुक्यांत नेसरीच्या खिंडींत २४ फेब्रुवारी १६७४ रोजीं सरनोबत प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशीं बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडला व सर्वजण कामास आले. त्या ठिकाणचें स्मारक पाहून कोणाचाही कंठ दाटून येतो, आणि यावाही. पण संताजी त्याच्या पुढच्या पिढींतला. त्याचा बाप म्हाळोजी १६८९ सालीं संगमेश्वरीं धन्यास वांचवितां वांचवितां पडला. असें पाहिलेला मुलगा मरण्याच्या पराक्रमाविषयीं काय विचार करीत असेल तो असो. दोड्डेरीस त्यानें आपला एकही माणूस गढीच्या तटावर चढविला नाहीं.

तट चढला नाहीं याचें आणखी एक कारण आहे. मेलेल्या अमिराची किंमत शून्य, जिवंत अमिराची लाखांत. १६९० सालीं साताऱ्याजवळ रुस्तुमखान, १६९२ सालीं कांचीजवळ अलीमर्दानखान, असे मोठमोठे सरदार मराठ्यांनीं धरले व पैसा घेऊन सोडले. जिंजीच्या दरबारांत खजिना असा नव्हता. १६९१ सालीं महाराजांनीं हणमंतराव घोरपड्यास जें पत्र दिलें त्यांत रायगडापासून दिल्लीपर्यंत मुलूख काबीज केल्यास काय काय द्यावयाचें याची बोली आहे. म्हणजे वेतन उद्यांच्या विजयावर टाकलेलें. अशा स्थितींत हजारों स्वारांच्या घोड्यांचा दाणा कोठून यावयाचा? फारसी लेखक संताजीस लुटारू म्हणतात. ज्याची फौज मोडली, ज्याचे डेरे जळाले, त्यानें दुसरें काय म्हणावें! परंतु त्यांच्याच आंकड्यांवरून पाहिलें तर दोड्डेरीस मोगली खजिन्यानें मराठ्यांच्या फौजेचा खर्च भरला, असा त्याचा अर्थ होतो.

या बेताचें क्रौर्यही झांकण्याचें कारण नाहीं. मेलेल्या तिसऱ्या हिश्शांत मनसबदार थोडे. तंबू रोवणारे फरास, मोतद्दार, उंटवाले, भटारी, बाजारबुणगे हेच पहांटेच्या अंधारांत प्रथम कापले गेले, आणि तळ्याकांठीं गोळ्या खाऊन पडले ते बहुतेक ज्यांस गढींत घेतलें नाहीं असे साधे शिपाई. गढीचें दार अमिरांस उघडलें, त्यांस नाहीं. याबद्दल फारसी ग्रंथांत खेदाचा शब्द फारसा नाहीं. भांड्यांची यादी मात्र आहे.

दोड्डेरीनंतर संताजी पश्चिमेस बसवापट्टणाकडे वळला. तेथें खानजहान बहादुर कोकलताश याचा मुलगा हिंमतखान थोड्या फौजेनिशीं होता. २० जानेवारी १६९६ रोजीं टेकडीवरील कर्नाटकी बंदूकदारांवर चालून जातांना डोक्यांत गोळी लागून तो पडला. पुन्हा तेच बंदूकदार. हिंमतखान अफू खात होता असें कोणी म्हणत नाहीं, मेजवानीही नव्हती; तरी परिणाम तोच. कासीमखानावर ठेवलेल्या आरोपांचें यापेक्षां चांगलें उत्तर आम्हांस सुचत नाहीं. उलट पक्षीं हेंही सांगितलें पाहिजे कीं, पुढच्याच महिन्यांत हमीदुद्दीनखानानें संताजीस उघड्या लढाईंत मागें रेटलें व बसवापट्टणचा वेढा उठविला. सावध व एकवटलेल्या फौजेपुढें, पाण्याचा व वेळेचा लगाम हातीं नसतां, ही पद्धति तितकीशी चालत नसे.

पुढचा भाग सर्वश्रुत आहे, व तो सांगतांना हात जड होतो. १६९६ सालीं महाराज व सेनापति यांचें बिनसलें, धनाजी जाधव व संताजी एकमेकांविरुद्ध उभे राहिले, त्या लढाईंत सांपडलेल्या अमृतराव निंबाळकरास संताजीनें हत्तीच्या पायीं दिलें, आणि १६९७ च्या जूनमध्यें त्या अमृतरावाचा मेहुणा नागोजी माने म्हसवडकर यानें, साथीदार पांगून एकटा पडलेल्या संताजीस गांठून त्याचें शीर बादशहाकडे पोंचविलें. ज्या ब्रह्मपुरीच्या छावणींत दोड्डेरीची बातमी पोंचली होती, तेथेंच तें गेलें.

संताजीच्या मृत्यूनंतर त्याच्या वंशाचे लोक करवीरच्या आश्रयास राहिले व सेनापतिपद त्यांच्या घराण्यांत चाललें. भाऊ बहिर्जीचा वंश गजेंद्रगड, गुत्ती व संडूर या बाजूस पसरला. या घराण्यांशीं संबंध असलेलीं दप्तरें कोल्हापूर, गडहिंग्लज, बेळगांव, बल्लारी या टापूंत अद्याप घरोघर आहेत. ज्या संग्राहकांच्या हातीं तीं येतील त्यांस विनंति कीं, शके १६१७ च्या कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचा कागद दिसल्यास तो केवळ वतनाचा किंवा हिशेबाचा म्हणून बाजूस टाकूं नये. खंडणीची पावती, ओलिसाच्या खर्चाची याद, घोड्यांची वांटणी, नायकाच्या प्याद्यांस दिलेलें बक्षीस, यांपैकीं एखादें चिटोरें सांपडलें तर या प्रसंगाची मराठी बाजू प्रथमच मराठी अक्षरांत वाचावयास मिळेल. रुमाल बांधतांना बारीक मोडीचीं फाटकीं पानें वर ठेवावींत. खालच्या पानांस वाळवी आधीं लागते.